पदार्थ आपला, माणूस परका? : ठाणे–डोंबिवलीच्या चायनीज गाड्यांचा एक अभ्यास

संस्कृतीचा अभ्यास म्हटला की आपली दृष्टी साहित्य, संगीत, शिल्प यांकडे वळते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या खाण्याच्या गाडीकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. तथापि एखादा समाज परक्याला कितपत आपलासा करतो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर त्याच्या ताटाइतके बोलके साधन दुसरे नाही, असे मला वाटते. म्हणून ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या स्थानकांच्या परिसरात संध्याकाळी लागणाऱ्या ‘चायनीज’च्या गाड्या व त्याच धर्तीची लहान हॉटेले यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हे खाणे आपल्याकडे चीनमधून थेट आलेले नाही. ते आले कोलकात्याहून. अठराव्या शतकाच्या अखेरीस एक चिनी गृहस्थ कोलकात्याजवळ बजबज येथे येऊन राहिला व त्याने साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून त्या जागेला आजही अछीपूर म्हणतात. पुढे आलेल्या चिनी लोकांपैकी हाक्का समाजाने टांग्रा भागात कातडी कमावण्याचा धंदा केला आणि त्यांच्याच वस्तीत खाणावळी निघाल्या. गाडीवरच्या फळ्यावर आपण ‘हाक्का नूडल्स’ वाचतो, तेव्हा हे एका समाजाचे नाव आहे हे आपल्या गावीही नसते. ‘हाक्का’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘पाहुणी कुटुंबे’ असा आहे.

मुंबईतला टप्पाही असाच मनोरंजक आहे. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत चिकन मंचुरियन प्रथम केले, असे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपली नेहमीची फोडणी. तीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर, एवढाच काय तो बदल. ईशान्य चीनमधील मंचुरिया प्रांताचा या पदार्थाशी नावापलीकडे काही संबंध नाही. पुढे कोंबडीच्या जागी कोबी आला, उडपी हॉटेलांनी आपल्या मेनूकार्डावर ‘चायनीज’चे एक स्वतंत्र पान घातले आणि शाकाहारी घरांनाही हा पदार्थ खुला झाला.

गाडीचे तंत्र पाहण्यासारखे आहे. भात आधीच शिजवून मोकळा केलेला, नूडल्स उकडून तेलाचा हात लावून ठेवलेल्या, कोबी, गाजर, सिमला मिरची बारीक चिरलेली. गिऱ्हाईक आले की मोठ्या आचेवर लोखंडी कढई चढते आणि पाच मिनिटांत ताटली हातात पडते. लोकलने परतणाऱ्या नोकरदारांच्या या गावांना हा वेग सोयीचा ठरला. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तर एका ‘ट्रिपल शेजवान’मध्ये भात, नूडल्स आणि रस्सा तिन्ही मिळतात व एका प्लेटीत तिघांचे भागते.

भाषेच्या विद्यार्थ्याने ‘चायनीज भेळ’ या जोडशब्दाकडे अवश्य पाहावे. तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, कच्चा कोबी आणि तिखट सॉस कालवले की आपण त्याला निःसंकोच भेळ म्हणतो. ‘शेजवान’ हा शब्दही चीनमधील सिचुआन प्रांताच्या नावाचे इंग्रजी वळणाने आलेले रूप होय. आपल्या शेजवान चटणीत लाल मिरची आणि लसूण यांचे राज्य असते. सिचुआनच्या स्वयंपाकाची खरी खूण असलेली, जिभेला झिणझिण्या आणणारी मिरी तीत बहुधा नसते. गंमत अशी, की त्या मिरीचे सख्खे भावंड आपल्या कोकणातच आहे. बांगड्याच्या आमटीत घालतात ते तिरफळ वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तिच्याच कुळातले, तिच्याच प्रजातीगटातले. म्हणजे कोकणातल्या आजीच्या डब्यात जे होते ते गाडीवर आले नाही, आणि जे आले ते लसणीच्या चटणीचे दूरचे नातेवाईक!

यावरून ‘हे चायनीज खोटे आहे’ असा आक्षेप काही जाणकार घेतात. मला तो पटत नाही. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणून आपला ठेचा खोटा ठरत नाही. माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. पदार्थ लवकर आपला होतो; तो घेऊन येणारा माणूस मात्र वर्षानुवर्षे उंबरठ्यावरच उभा राहतो.

इतिहास याची साक्ष देतो. १९६२ च्या युद्धानंतर भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत स्त्रिया, मुले, वृद्धही होते. अ. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्यात उडपी खाणावळ काढली. इडली-डोसा मुंबईकरांच्या नित्याचा झाला, तरी १९६६ नंतर दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा उडपी हॉटेले त्या रोषातून सुटली नाहीत. जून २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी असे आवाहन केले. त्या हॉटेलांचे मालक, आचारी, कोबी पिकवणारे शेतकरी बव्हंशी इथलेच, याचा विचार त्या आवेशात मागे पडला.

आमच्या डोंबिवलीत मी ज्या गाड्या पाहिल्या, त्यांपैकी काहींवर कढई हलवणारे हात नेपाळ, दार्जिलिंग किंवा ईशान्येकडील राज्यांतून आलेले आहेत. गिऱ्हाइके त्यांना ‘ए चिनी’ अशी हाक मारतात, तेव्हा तो थट्टेचाच भाग मानला जातो. एका आचाऱ्याला मी त्याचे गाव विचारले. तो म्हणाला, “दार्जिलिंग. पण इथे कोणी विचारत नाही, दादा.” चार वर्षे इथे राहून तो मराठीत ‘तिखट कमी की जास्त’ विचारतो, आपण मात्र त्याचे नाव विचारलेले नसते.

पाहुण्याने आणलेले अन्न आपण आवडीने जेवलो, त्याला आपल्या बोलीतले नावही दिले. एवढे जमलेल्या समाजाला पुढची पायरी अवघड जाऊ नये. विद्यार्थिमित्रांनी पुढच्या वेळी प्लेट मागवताना आचाऱ्याला त्याच्या नावाने हाक मारावी, इतकीच या अभ्यासाच्या शेवटी माझी विनंती आहे.