बेंच जोखताना

भारतात एनबीएचं बास्केटबॉल बघायचं म्हणजे पहाटे उठायचं. साडेपाचच्या सुमाराला सामना सुरू होतो. दुसऱ्या क्वार्टरच्या तोंडाशी बडे खेळाडू बसायला गेले की आपले लोक चहा टाकायला उठतात. माझा चहा तोवर झालेला असतो, कारण मला नेमका तोच भाग बघायचा असतो. इतक्या सीझनांत बेंचबद्दल, म्हणजे राखीव खेळाडूंबद्दल, जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. आधी क्रिकेटची सवय सोडा. राखीव खेळाडू म्हटलं की आपल्याला पाणी घेऊन धावणारा बारावा गडी दिसतो. इथे बदली कितीही वेळा करता येते. सामना ४८ मिनिटांचा, कोर्टावर पाच जण, म्हणजे वाटायला २४० मिनिटं. पहिल्या पाचांनी प्रत्येकी ३४ मिनिटं काढली तरी ७० उरतात. ती कोण खेळणार आणि कशी, इतकाच बेंचचा प्रश्न.

२. 'बेंचचे गुण' या आकड्यावर भाळू नका. टीव्हीवर तो मोठ्या अक्षरांत येतो, म्हणून मोठा वाटतो. २०२५ च्या अंतिम फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात इंडियानाच्या बेंचने ४९ गुण केले, ओक्लाहोमा सिटीच्या बेंचने १८. इंडियाना जिंकली, मालिकेत २-१ अशी पुढेही गेली. पण पुढच्याच सामन्यात ओक्लाहोमाच्या ॲलेक्स करूसोने बेंचवरून येऊन २० गुण केले, आणि सात सामन्यांअखेर विजेतेपद ओक्लाहोमाकडेच गेलं. त्या तिसऱ्या सामन्यात २७ गुण करणाऱ्या इंडियानाच्या मॅथुरिनचं कौतुक झालं, ते रास्तच. मला मात्र त्याच संघातल्या टी. जे. मॅककॉनेलच्या पाच स्टील्स, म्हणजे हिसकावलेले चेंडू, जास्त मोलाच्या वाटल्या. बास्केट झाल्यावर समोरचा निवांतपणे चेंडू आत टाकायला जातो आणि हा मध्येच झडप घालतो. असा माणूस कोर्टावर असला की समोरच्या संघाला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही, आणि हे 'बेंचचे गुण' या रकान्यात कुठेच दिसत नाही.

३. मग बघायचं काय? मुख्य खेळाडू बसायला गेला तेव्हा किती गुणांचा फरक होता आणि तो परत आला तेव्हा किती उरला, एवढंच. आठ गुणांची आघाडी आठचीच राहिली, तरी बेंचने काम चोख केलं. यालाच आकडेवारीत प्लस-मायनस म्हणतात. मात्र तो वाचताना सोबत कोण होतं हे बघावं. हुशार कोच दोन्ही तारे एकदम बसवत नाही, एकाला राखीव खेळाडूंबरोबर ठेवतो. मग आकडा चांगला दिसतो, पण श्रेय कोणाचं? आणि एका सामन्याच्या प्लस-मायनसवरून कोणालाही थोर किंवा टाकाऊ ठरवू नये.

४. सुरुवात कोण करतो यापेक्षा शेवटी कोर्टावर कोण असतो, ते बघा. सॅन अँटोनिओचा मनू जिनोबिली कित्येक वर्षं बेंचवरून आला, पण निर्णायक मिनिटांत तो खेळणार हे सगळ्यांना माहीत असे. गोल्डन स्टेटच्या आंद्रे इग्वोडालाने २०१४-१५ च्या साखळी फेरीत एकाही सामन्याची सुरुवात केली नाही. अंतिम फेरीत संघ १-२ असा मागे पडल्यावर कोचने त्याला अँड्र्यू बोगटच्या जागी पहिल्या पाचांत घेतलं. पुढचे तिन्ही सामने जिंकले, आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडालाच ठरला.

५. साखळीतलं बेंच आणि प्लेऑफमधलं, म्हणजे बाद फेऱ्यांतलं बेंच, यांत फरक आहे. हे टोरंटोइतकं कोणी शिकवलं नाही. २०१७-१८ मध्ये त्यांची दुसरी फळी डोळ्यांत भरणारी होती: फ्रेड व्हॅनव्हलीट, पास्कल सिआकम, याकोब पोल्टल, डेलॉन राइट, सी. जे. माइल्स. बहुतेक पोरं नवखी, पण एकमेकांना पुरती ओळखणारी. संघाने ५९ सामने जिंकले. पुढे दुसऱ्या फेरीत क्लीव्हलँडने त्यांना ४-० असं धुतलं. प्लेऑफमध्ये लागोपाठच्या दिवशी सामने नसतात, त्यामुळे तारे जास्त वेळ खेळतात. त्या वर्षी लेब्रॉन जेम्स प्लेऑफमध्ये सरासरी ४२ च्या आसपास मिनिटं कोर्टावर होता. पहिले पाच चाळीस-चाळीस मिनिटं खेळू लागले तर बेंचला ७० ऐवजी ४० मिनिटं उरतात, आणि दहा जणांचा ताफा आठांवर येतो.

म्हणून ते बेंच वाया गेलं का? मुळीच नाही. पोल्टल हा डीमार डीरोझनबरोबर, टोरंटोला कावाय लेनर्ड मिळवून देणाऱ्या अदलाबदलीत गेला. राइट आणि माइल्स मार्क गसोलसाठीच्या अदलाबदलीत गेले. सिआकम पहिल्या पाचांत आला. आणि २०१९ च्या अंतिम फेरीतल्या शेवटच्या सामन्यात, बेंचवरूनच आलेल्या व्हॅनव्हलीटने २२ गुण केले, त्यातले १२ चौथ्या क्वार्टरमध्ये. विजेतेपद टोरंटोला. नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, या पोराला कोणीही निवडलं नव्हतं! बेंच जोखताना आजची मिनिटं बघावीत, तशी उद्याची पुंजीही बघावी.

६. ताऱ्यांना जास्त वेळ न खेळवताही जिंकता येतं, याचं उलट उदाहरण सॅन अँटोनिओचं. २०१३-१४ मध्ये तिथे एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नाही. तरी ६२ विजय, आणि अंतिम फेरीत मायामीवर ४-१ अशी मात. अर्थात असा संयम बाळगणारा ग्रेग पॉपोविचसारखा कोच सगळ्यांना मिळत नाही.

७. एका कामात पक्का असलेला खेळाडू सगळ्यांत थोडा-थोडा बरा असलेल्यापेक्षा बेंचवर जास्त उपयोगी. बॉस्टनचा पेटन प्रिचर्ड २०२४ च्या अंतिम फेरीत पहिला हाफ संपता-संपता तेवढ्याच एका फेकीसाठी उतरला आणि अर्ध्या कोर्टावरून चेंडू टाकला. पडला!

८. निकाल लागून गेलेल्या मिनिटांतले गुण मोजू नका. सराव सामन्यांचेही नकोत. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला इंडियाना आणि सॅक्रामेंटो खेळले, तसल्या सामन्यांत टाळ्या मनापासून वाजवाव्यात, पण निष्कर्ष काढू नयेत.

पुढच्या सामन्याला एवढंच करा: पहिला क्वार्टर संपताना गुणफरक कागदावर लिहा, तारे परत उतरतील तेव्हा पुन्हा लिहा, आणि चहा आधीच करून ठेवा.