लेकराची झोप

लेकरू जेवले नाही तर आईचा जीव तुटतो. पण लेकरू झोपले नाही तर? "दमलं की झोपेल आपोआप," असे म्हणून आपण कामाला लागतो. झोप ही भाकरीइतकीच गरजेची आहे. ती कशी, ते आज पाहू.

वाकड हे मुळा नदीकाठचे शेतीचे गाव होते. आता शेजारी हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आहेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणला कारखाने पाळ्यांत चालतात. दुसऱ्या पाळीचा बाप मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतो. लेकराचे तोंड पाहावे असे त्याला वाटते. लेकरूही मोबाईल घेऊन वाट पाहत बसते. यात माया आहे. पण सकाळी सहाला त्याच लेकराला हलवून उठवावे लागते.

आता हिशोब करू. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास हवी. त्यापुढे अठरा वर्षांपर्यंत ८ ते १० तास. पाचवीतला मुलगा साडेअकराला झोपला आणि सहाला उठला, तर झोप झाली साडेसहा तास. रोज अडीच तास तुटले. सहा दिवसांत पंधरा तास तुटले!

याने काय बिघडते? झोपेत नाडी मंद होते. रक्ताचा दाब उतरतो. काळजाला विसावा मिळतो. झोप तुटली की तो विसावाही तुटतो. भूक वाढते. पोर गोड आणि तळलेले मागते. रक्तातली साखर वापरण्याचे शरीराचे काम मंदावते. एका रात्रीने रोग होत नाही. पण वर्षानुवर्षे असे चालले, तर लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका वाढतो.

कोणी म्हणेल, "आमचं पोर तर काडीसारखं. त्याला कसला मधुमेह?" पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे तपासली. ती विलायतेतल्या बाळांपेक्षा वजनाने हलकी होती. तरी त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त होती. हे २००३ साली छापून आले. म्हणून नुसत्या दिसण्यावर जाऊ नये.

सरकारनेही हा प्रश्न मनावर घेतला. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश २०२४ च्या फेब्रुवारीत निघाला. पण शाळा उशिरा भरली आणि पोर त्याहून उशिरा झोपले, तर काय उपयोग?

मग आपण काय करावे?

झोपायची वेळ ठरवावी. सुटीच्या दिवशीही ती फार मोडू नये.

झोपण्याआधी तासभर मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवावा. दिवा मंद करावा.

संध्याकाळी मुलाला चहा देऊ नये.

मूल रोज घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि दुसऱ्या पाळीच्या बापाने? त्याने सकाळी लेकराला शाळेत पोचवावे. वाटेत दोन गोष्टी बोलाव्यात. मग घरी येऊन आपली राहिलेली झोप घ्यावी. रात्री मात्र निजलेल्या लेकराच्या डोक्यावरून हळूच हात फिरवावा. त्याला उठवू नये.

प्रश्न
१. आपल्या घरातले मूल काल किती वाजता झोपले? किती वाजता उठले?
२. त्याची झोप किती तास झाली? किती तास कमी पडली?