कच्च्या लिंबाची कादंबरी

डिलाईल रोड, मुंबई

चि. बाळ यास,


तुझ्या कादंबरीची चार प्रकरणं दोनदा वाचली. भाषा वाहती आहे. पण चौथ्या प्रकरणात तुझा नायक शिवाजी पार्कच्या नेटमध्ये पोहोचतो आणि पुढचं सगळं मला दिसू लागतं: शतक, निवड, टीव्हीवर मुलाखत. ही गोष्ट मुलांनी पुष्कळदा पाहिली आहे. तू त्यांना तुझ्या चाळीतली गोष्ट सांग.

बीडीडी चाळीच्या एका इमारतीत 80 खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. इतक्या घरांतली पोरं दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत खेळली, म्हणून खेळाचे नियमही जागेनंच ठरवले. बॉल वरच्या मजल्यावर थेट गेला की आउट, एका टप्प्यावर एका हातानं झेल, बॉल हरवला तर मारणाऱ्यानं भरून द्यायचा. हे नियम समजावून सांगत बसू नकोस. एखाद्या नियमावरून भांडण लाव, कुणाला तरी रडी खाऊ दे. वाचणाऱ्या पोराला आपोआप सगळं कळेल. चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत, तेव्हा ही जागा बारकाव्यानिशी लिहून ठेवणं हेही तुझंच काम आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपलं फुरसुंगी बरोबर घेऊन येतो, म्हणून तो खरा वाटतो.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात एक लहानगा येतो. रडू नये म्हणून त्याला कच्चा लिंबू करून खेळायला घेतात. तो बॅट फिरवतो, पण त्याच्या धावा कुणी मोजत नाही आणि त्रिफळा उडाला तरी तो आउट नसतो. बाळ, कादंबरी त्याची आहे. त्याला शतक नको. कुणीतरी आपल्याविरुद्ध मनापासून अपील करावं आणि आपल्याला खरंखुरं आउट द्यावं, एवढंच त्याला हवं आहे. दहा वर्षांच्या कुठल्याही मुलाला ही इच्छा समजेल.

ही इच्छा लहान समजू नकोस. बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करत. फलंदाजी त्यांच्या वाट्याला येत नसे. हिंदूंच्या संघात ते खेळले, तरी अस्पृश्य मानून चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या कुल्हडात दिला जाई. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण हिंदूंचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते 1923 साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळालं.  खेळात घेतात, पण मोजत नाहीत, हे दुःख या शहराच्या क्रिकेटमध्ये फार जुनं आहे. तुझ्या पुस्तकात बाळूंचं नाव येण्याची गरज नाही. लिहिताना ते तुझ्या मनात असले की पुरे.

जन्मभर प्रुफं तपासलेला माणूस म्हणून एक सांगतो. कादंबरीतल्या प्रत्येक सामन्याची स्कोअरवही आधी भरून ठेव. मुलं बेरीज करून पाहतात. 1988 साली आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची भागी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349; बेरीज 675. चौकस पोरगं लगेच विचारील, मग 664 कशा? सचिन आला तेव्हा धावफलकावर 84 धावा होत्या आणि विनोद आधीपासून खेळत होता, हे उत्तर तुझ्याजवळ तयार हवं. आकडा चुकला की मुलाचा विश्वास जातो, आणि तो परत मिळत नाही.

छापण्याची घाई करू नकोस. प्रकरण झालं की इमारतीतल्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखव. ती कुठे चुळबुळतात तिथे खूण कर आणि तेवढं काप. एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल, तर बालभारतीच्या ‘किशोर’कडे पाठव. प्रकाशकाकडे जाताना पानभर सारांश आणि तीन पक्की प्रकरणं ने. प्रती किती, मानधन किती टक्के, अनुवादाचे आणि श्राव्य पुस्तकाचे हक्क कुणाकडे, हे सगळं कागदावर घे. पुस्तक छापायला कुणी तुझ्याकडेच पैसे मागितले तर सही करण्याआधी मला दाखव. चित्रकाराला चाळीत घेऊन ये. जिना आणि गॅलरी त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली असू दे. त्याचं नाव मुखपृष्ठावर तुझ्या नावाशेजारी येऊ दे.

चौथं प्रकरण बाजूला ठेव आणि दुसऱ्यापासून पुन्हा सुरू कर. नवं लिहून झालं की घेऊन ये, लाल पेन्सिल घेऊन बसू. तुझ्या हातून हे पुस्तक व्हायलाच हवं.

तुझा,
मामा