कटिशूलात अ‍ॅक्युपंक्चर : वैद्याने काय पाहावे?

कटिशूलाचा जुना रुग्ण "सुया टोचून घेऊ का?" असे विचारतो, तेव्हा आपल्या व्यवसायबंधूंकडून त्यास बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. 'ते चिनी शास्त्र, आपला त्याच्याशी संबंध नाही' हे पहिले, आणि 'ते मूळचे सुश्रुताचेच' हे दुसरे. रुग्णाला यांपैकी कशाचाच उपयोग होत नाही. त्याची कंबर दुखत असते आणि त्याला निर्णय हवा असतो.

दुसऱ्या उत्तराचा विचार आधी करू, कारण ते आपल्या अभिमानाला सुखावणारे आहे. गृध्रसीमध्ये सुश्रुताने जानुसंधीच्या चार अंगुळे वर किंवा खाली सिरावेध सांगितला आहे. चरकाने कंडरा व गुल्फ यांमधील सिरेचा वेध, बस्ती आणि अग्निकर्म सांगितले. चिनी चिकित्सक कटिशूलात गुडघ्यामागील घडीच्या मध्यावर 'वेईझोंग' आणि बाह्य गुल्फ व टाचेची कंडरा यांमध्ये 'कुनलुन' ही स्थाने योजतात. वेईझोंग येथून रक्त काढण्याची प्रथाही त्यांच्याकडे आहे. हे साम्य विचार करायला लावणारे खरेच. तथापि त्यावरून कोणी कोणाकडून घेतले, हे ठरत नाही. शिवाय सिरावेधाचा हेतू दुष्ट रक्ताचे निर्हरण हा आहे, तर अ‍ॅक्युपंक्चरच्या नित्य प्रयोगात रक्त काढले जात नाही. मर्म आणि अ‍ॅक्युपंक्चर-बिंदू एकच मानणे तर धोक्याचे आहे. जानु हे वैकल्यकर मर्म. म्हणूनच वेध त्यापासून अंतर राखून सांगितला. कटीकतरुण व कुकुंदर ही पृष्ठमर्मे आघातापासून जपण्यासाठी वर्णिली आहेत, सुई खुपसण्यासाठी नव्हे.

आधुनिक काळात हे तंत्र भारतात आणण्याचे श्रेय डॉ. बिजयकुमार बसू यांना दिले जाते. १९३८ साली चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे सहकारी होते. पुढे चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून त्यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात त्याचा आरंभ केला.

आता पुराव्याकडे वळू. जर्मनीतील ११६२ जीर्ण कटिशूल-रुग्णांवरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच जागी उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के, आणि औषधे, व्यायाम आदी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय लाभ झाला. अमेरिकेत २००९ मध्ये ६३८ रुग्णांवरील अभ्यासात एका गटाला सुईऐवजी दात कोरण्याच्या काडीने केवळ टोचल्याचा भास दिला. त्या गटाचा लाभही खऱ्या सुईच्या गटांइतकाच निघाला! म्हणजे रुग्णाला बरे वाटते हे खरे, पण ते नेमक्या बिंदूमुळेच वाटते हे सिद्ध होत नाही. याच आकड्यांचे अर्थ निरनिराळे लावले गेले. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ मध्ये केलेली शिफारस २०१६ मध्ये मागे घेतली. उलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत जीर्ण कटिशूलासाठी सुईचिकित्सेला सशर्त अनुकूलता दर्शविली.

आमचे मत असे की, जीर्ण, अविशिष्ट कटिशूलात अभ्यंग, स्वेद, बस्ती व व्यायाम चालू ठेवून मर्यादित काळापुरता हा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. विशेषतः वेदनाशामक गोळ्या ज्यांच्या वृक्कांना वा जठराला सोसत नाहीत, अशा रुग्णांत त्याचा विचार व्हावा. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २०२० पासून ९० दिवसांत १२ बैठकी मान्य केल्या आणि सुधारणा दिसली तरच पुढील ८. ही शिस्त आपणही पाळावी. पहिल्या बैठकीपूर्वीच रुग्ण किती वेळ बसू शकतो, किती चालतो, रात्री कितीदा जागा होतो हे लिहून ठेवावे. त्याखेरीज 'बरे वाटते' या शब्दाला मोल नाही.

काही रुग्णांना मात्र सुईकडे पाठवूच नये. मूत्र वा मल यांवरील ताबा सुटणे, गुदाभोवती बधिरता, पाऊल लुळे पडणे, ज्वर, अकारण वजन घटणे, पूर्वीचा अर्बुदाचा इतिहास, पडल्यानंतर वृद्धास सुरू झालेला शूल — येथे त्वरित तपासणी व शल्यचिकित्सकाचा सल्ला हवा. ताबा सुटलेल्या रुग्णाबाबत तर तासांचा हिशेब असतो. सुयांच्या बैठकीत गेलेला एक आठवडा त्याला जन्मभराचे अपंगत्व देऊ शकतो. गर्भिणी, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे व पेसमेकर बसविलेले रुग्ण यांची माहिती सुई टोचणाऱ्यास आधी द्यावी. पेसमेकर असता विद्युत्-अ‍ॅक्युपंक्चर वर्ज्य. कंबरेपेक्षा पाठीच्या वरच्या भागात अधिक सावध राहावे, कारण खोल गेलेली सुई फुप्फुसावरणास भेदू शकते. सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची असावी आणि नंतर ती न टोचणाऱ्या पांढऱ्या बंद डब्यातच जावी.

महाराष्ट्रात या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. दोन दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावर फलक लावण्याचा मोह आपल्या बंधूंनी टाळावा व रुग्ण ज्याच्याकडे पाठवायचा त्याची नोंदणी विचारून घ्यावी.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. त्रयोदशांग गुग्गुळ किंवा सहचर तैल नेणारा ग्राहक 'सुया चालू आहेत' म्हणाला, तर तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, हे अवश्य विचारावे. टोचलेली जागा त्या दिवशी चोळू नये, तेल दुसऱ्या दिवशी लावावे, असेही सांगावे. तीच वेदनाशामक गोळी महिनोन्महिने मागणारा ग्राहक दिसला, तर त्याला वैद्याकडे परत पाठवावे.