देहदुःख व प्रारब्ध : एक खुलासा

आषाढी वारीत फलटणच्या मुक्कामी आमच्या दिंडीतील एका वृद्ध बाईंनी मला एक प्रश्न विचारला, आणि मी दिलेले उत्तर चुकले. शास्त्र चुकले नाही, सांगणारा चुकला. त्याचा खुलासा सज्जनांपुढे करावा म्हणून हा लेख.

बाई सत्तरीच्या पुढच्या. पायाचा फोड फुटलेला, टाच सुजलेली. म्हणाल्या, "बुवा, बावीस वाऱ्या झाल्या. गळ्यात माळ आहे, एकादशी कधी मोडली नाही. मग या देहाच्या मागं हे काय लागलंय?" मला कीर्तनाची घाई. मी म्हणालो, "माउली, प्रारब्ध आहे. भोगल्याशिवाय सुटत नाही." त्या पाया पडून गेल्या.

दोन दिवसांनी नातेपुत्यास पाहतो तो पाय दुप्पट सुजलेला. वैद्यकीय पथकाच्या डॉक्टरांना त्यांनी मलमपट्टी करू दिली नव्हती. का? तर, "औषधानं आत्ता बरं केलं म्हणजे भोग तसाच राहिला ना! पुढल्या जन्मी व्याजासकट फेडायचा. तुम्हीच सांगितलंत."

बाईंचा हिशेब असा सरळ होता की न्यायशास्त्र पढलेल्यालाही त्यातला हेत्वाभास चटकन सापडू नये. तो कुठे आहे, ते पाहू.

कर्माचे तीन प्रकार आपण नेहमी ऐकतो. संचित म्हणजे कणगीतले धान्य, प्रारब्ध म्हणजे ताटात वाढलेले, आणि क्रियमाण म्हणजे आज शेतात पेरतो ते. ज्ञानाने कणगी जळते, पण ताटातले उरते. ब्रह्मसूत्राच्या चौथ्या अध्यायावरील भाष्यात आचार्यांनी यासाठी कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत घेतला आहे. हात काढला तरी वेग संपेपर्यंत चाक फिरतेच. म्हणून ज्ञान्याचाही देह दुखतो. माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच आंधळे झाले आणि १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. रमण महर्षींच्या दंडावर दुष्ट गाठ झाली, १९५० साली त्यातच देह ठेवला. तेव्हा आजार हा भक्ती कमी पडल्याचा दाखला धरू नये. गावोगाव तो तसा धरतात, आणि आजारी माणसाला दुखण्यावर आणखी लाज सोसावी लागते.

पण महर्षींनी डॉक्टरांना शस्त्रक्रिया करू दिल्या, हेही ध्यानात ठेवा. प्रारब्ध किती आणि कसे, हे आधी कोणाला ठाऊक असते? ते फळ आल्यावरच कळते. टाच सुजली हे जर प्रारब्ध, तर तंबूच्या दाराशी डॉक्टर मलम घेऊन उभा राहिला हे कोणाचे? एकाच ताटातली भाजी माझी आणि भाकरी मात्र चोरीची, असे कसे म्हणता येईल? औषध नाकारणे हा भोग नव्हेच. ते नवे क्रियमाण झाले! चरकाचार्यांनी विमानस्थानात हेच विचारले आहे की, सगळे आयुष्य आधीच ठरलेले असते तर मंत्र, औषधी यांच्या वाटेला कोण गेले असते? दैव दुर्बळ असेल तर पुरुषकार त्याला हटवतो, असा त्यांचा निर्वाळा आहे. सांख्यकारिकाही त्रिविध तापापासूनच सुरू होते. दृष्ट उपायांनी दुःख खात्रीने आणि कायमचे जात नाही, एवढेच ती म्हणते. ते उपाय टाकून द्या, असे म्हणत नाही.

मग कायमचे जाते कशाने? येथे भागवताच्या एकादश स्कंधातील भिक्षुगीत पाहावे. नाथमहाराजांनी त्या स्कंधावरील टीका शके १४९५ मध्ये काशीस पूर्ण केली. अवंतीचा तो ब्राह्मण आधी महाकृपण. धन गेले, आप्तांनी टाकले, मग तो भिक्षू झाला. लोक त्याचा दंड ओढीत, पात्र पळवीत, अन्नात घाण करीत. तो बसून विचार करतो, की माझ्या दुःखाला कारण कोण? लोक, देवता, आत्मा, ग्रह, कर्म, काळ अशी सहा नावे घेतो आणि सहाही खोडून काढतो. त्या यादीत कर्मही आहे, बरे का! आम्ही कीर्तनकार कर्मापाशी येऊन थांबतो. भिक्षू थांबत नाही. तो शेवटी मनाला धरतो.

टाच ठणकते ही वेदना. ती देहाची, आणि देह आहे तोवर येणार. "माझ्यावरच का? देव रुसला का? पुढे काय होईल?" हे मनाने त्यावर घातलेले ओझे, आणि दुःख ते. नामाने टाच बधिर होते असे मी सांगणार नाही. तसे सांगणाऱ्यांपासून जपावे. नाम घेणारा मात्र सगळाच्या सगळा टाचेत जाऊन बसत नाही. उरलेला विठ्ठलापाशी असतो.

आणखी एक. भिक्षूने हा विचार स्वतःविषयी केला. दुसऱ्या कोणाला मारहाण होताना "तुझं मनच कारण" असे तो म्हणाला नाही. मी नेमके तेच केले. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुखण्यावर लावायचा, तो मी दुसऱ्याच्या टाचेवर लावला, तोही घाईत.

नातेपुत्यास मी बाईंना शांतिपर्वातली कथा सांगितली. भीष्म शरपंजरी पडलेले. धर्म सांगा म्हणताच ते म्हणाले, बाणांच्या आगीने वाचा चालत नाही. भगवंतांनी "भोगा" म्हटले नाही. आधी वेदना, दाह, मूर्च्छा दूर केली, मग बोलायला लावले.

बाई जराशा थांबल्या. म्हणाल्या, "मग बुवा, हे फलटणलाच का नाही सांगितलंत?"

मी डॉक्टरांना बोलावून आणले. जखम धुताना बाई हरिपाठ म्हणत होत्या. मध्ये एकदा "आई गं" म्हणाल्या, आणि सुटलेला अभंग पुन्हा धरला. माळशिरसपर्यंत त्या दिंडीच्या ट्रकमध्ये बसून आल्या.