टर्बो घेतलीस ना, मग बाटलीच्या नादी लागू नकोस

अगं, टर्बो पेट्रोल गाडी घेतलीस म्हणून अपराध केल्यासारखं तोंड कशाला करतेस? मेकॅनिक एक सांगतो, भावाचे मित्र दुसरं, मोबाइलवरचे व्हिडिओ तिसरंच. ऑक्टेन 91, 95, 100 ऐकून डोकं भंजाळणारच. पण बघ, मिरचीच्या हंगामात मजुरीपासून भाड्यापर्यंतचा सगळा हिशोब तू एकटी ठेवतेस. हे त्याहून सोपं आहे.

खरं सांगू का, ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हेच. दाब आणि उष्णता सोसून ते किती दम धरतं, एवढंच तो आकडा सांगतो. टर्बो इंजिनात हवा कोंबून भरलेली असते, म्हणून आत दोन्ही जास्त. पेट्रोलने दम धरला नाही, तर प्लगची आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. चढावर टकटक ऐकू येते ना, तेच नॉकिंग. (मी पूर्वी ती टकटक आली की गाण्याचा आवाज वाढवायचे. हसू नकोस!) आताच्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्याने इशारा दिला की ठिणगी जरा उशिरा पडते. इंजिन वाचतं, फक्त ओढ कमी होते. म्हणून गाडी मागते तेवढं ऑक्टेन द्यायचं, त्यावर उधळपट्टी करून फारसं काही पदरात पडत नाही. किती मागते, ते टाकीच्या झाकणाआड किंवा गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आणि व्हिडिओवाला अमेरिकेतला असेल तर त्याचं 91 म्हणजे आपलं साधारण 95-96. मोजायची पद्धतच वेगळी.

आता आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल बघ. बीएस-सहा आलं तेव्हा ते 91चं होतं. वीस टक्के इथेनॉलचं ई-20 आलं, आणि त्याचं मानक 95चं आहे. शहाद्याकडे जाताना पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे तू हॉर्न वाजवत बसतेस ना, इथेनॉल अशाच उसापासून होतं, मक्यापासूनही होतं. त्याचा स्वतःचा ऑक्टेन 108च्या आसपास, म्हणून आकडा वर गेला. तुझ्या गाडीला 95 पुरत असेल तर विषय संपला. इंडियन ऑइलचं 100वालं डिसेंबर 2020मध्ये आलं, तेव्हा लिटरला 160 रुपये होतं आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होती. ते भारी स्पोर्ट्‌स गाड्यांचे आणि मोठ्या बाइकचे चोचले आहेत, आपले नव्हेत.

गुजरातेत निझरला किंवा उच्छलला जाऊन टाकी भरलीस तरी हरकत नाही गं. तिकडचं पेट्रोल स्वस्त आहे ते राज्याच्या करामुळे, हलकं आहे म्हणून नाही.

राहिली ती ऑक्टेन बूस्टरची बाटली. तिच्यावर ‘5 पॉइंट वाढ’ असं छापलेलं असलं, तर बहुतेक वेळा एक पॉइंट म्हणजे 0.1 असतो. म्हणजे 95चं झालं 95.5. माय वं, एवढ्यासाठी पैसे? शिवाय काही बूस्टरमध्ये मँगनीजचं किंवा लोखंडाचं संयुग असतं. ते जळून प्लगवर तांबूस थर बसतो, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होतो. त्याचा खर्च ऐकशील तर महिनाभर बाटलीचं नाव काढणार नाहीस. तेच पैसे एअर फिल्टर आणि चांगल्या ऑइलवर घाल.

टकटक टाळायची तर पाय आणि हात सुधार. तोरणमाळच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये रडतखडत चढू नकोस, खालचा गिअर टाक आणि इंजिनला मोकळं पळू दे. कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबणं टर्बोला सगळ्यात जास्त नडतं. त्यातून आपल्याकडचा मे महिना असेल, तर मग विचारूच नकोस.

गाडी एप्रिल 2023च्या आधीची असेल, तर सर्व्हिसला दिल्यावर रबरी पाइप आणि गॅस्केट बघायला सांग. इथेनॉलने जुनं रबर लवकर खराब होऊ शकतं. मायलेज थोडं उतरलं तरी घाबरू नकोस. ई-20मुळे जुन्या चारचाकींचं 6-7 टक्क्यांनी कमी होईल, असं नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच म्हटलं होतं. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असली, तर टाकी अर्धी रिकामी ठेवून माहेरी जाऊ नकोस. इथेनॉल हवेतला ओलावा धरून ठेवतं. भरून ठेव, आणि किल्ली दिराकडे दे, म्हणावं आठवड्यातून एकदा फेरी मारून आण. बूस्टर टाकू नको, हेही त्याला बजाव.