विमानाचें शेपूट जमिनीस कां घासतें?

मोठें विमान उतरतांना दुरून पाहणाऱ्यास असें वाटतें कीं, तें सपाट खालीं येत आहे. वस्तुतः तें नाक किंचित् वर उचलून, पंखांखालचीं मुख्य चाकें आधीं टेकवीत उतरतें. या उचलण्यांत अतिरेक झाला, तर शेपटाकडील भाग धांवपट्टीवर आपटतो किंवा घासतो. हा अपघात वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचें फळ कधीं कधीं पुष्कळ वर्षांनीं भोगावें लागतें. याचीच थोडी मीमांसा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक सोपा प्रयोग करूं. ३ सेंटिमीटर उंचीचा ठोकळा मेजावर ठेवून त्याच्या कडेवर पट्टी टेकवा. ठोकळा म्हणजे चाकें, पट्टी म्हणजे विमानाचें शरीर. पट्टीचा १२ सेंटिमीटर भाग मागें असेल, तर टोंक मेजास लागावयास ती सुमारें १४ अंश कलावी लागेल. तोच भाग २४ सेंटिमीटर असेल, तर अवघ्या ७ अंशांतच टोंक टेकेल. यावरून विमान जितकें लांब, तितकी चुकीला जागा थोडी, हें सहज ध्यानांत येईल. म्हणूनच बोइंग ७७७-३०० सारख्या लांब विमानांस शेपटाखालीं आघात सोसणारा टेकू बसविलेला असतो.

आतां नाक फाजील वर कां जातें, तें पाहूं. वेग कमी झाला कीं तेवढाच भार तोलण्यास पंखांना वाऱ्याशीं अधिक कोन करावा लागतो. म्हणून वैमानिक नाक आणखी उचलतो. कधीं विमान टेकून उसळतें, आणि दुसरा आघात सौम्य व्हावा म्हणून तो पुन्हा नाक वर ओढतो. शिवाय चाकें टेकतांच पंखांवरील फळ्या उभ्या राहून उचल नाहींशी करितात. त्या वेळीं कित्येक विमानांचें नाक वर जाऊं पाहतें. यांवर उपाय दोनच: योग्य वेग राखणें, आणि उतरणें बिघडलें असें दिसतांच हट्ट न धरितां पुन्हा उड्डाण करून नव्यानें येणें.

परंतु खरा धोका पुढेंच आहे. उंचावर हवा विरळ असल्यामुळें विमानाच्या आंत दाब अधिक ठेवितात. प्रत्येक उड्डाणांत त्याचें शरीर किंचित् फुगतें व पुन्हा आकसतें. तार वारंवार वांकविली असतां तुटते, त्याचप्रमाणें धातूंतील लहानसा ओरखडाही या ताणानें हळूहळू चीर बनतो.

२ जून १९७८ रोजीं जपानमधील ओसाका येथें जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानाचें शेपूट उतरतांना आपटलें व आंतील दाब रोखणाऱ्या मागच्या भिंतीस इजा झाली. दुरुस्तींत जी जोडपट्टी अखंड हवी होती, ती दोन तुकड्यांत बसविली गेली. त्यामुळें रिव्हेटांच्या दोन ओळींनीं वाहावयाचा भार एकाच ओळीवर आला. वर्षें लोटलीं, हजारों उड्डाणें सुखरूप झालीं, कोणास शंकाही आली नाहीं. १२ ऑगस्ट १९८५ रोजीं ती भिंत आकाशांत फुटली. शेपटाचा उभा पंख तुटला आणि सुकाणू हालविणाऱ्या चारही नळ्यांतील तेल वाहून गेलें. वैमानिकांनीं सुमारें अर्धा तास विमान कसेंबसें हवेंत ठेविलें; अखेर तें डोंगरावर कोसळलें. ५२४ जणांपैकीं चारच वांचले.

चायना एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ चें शेपूट १९८० सालीं हाँगकाँग येथें असेंच घासलें होतें. ओरखडलेला पत्रा कापून न काढितां त्यावर नुसतें ठिगळ लाविलें गेलें. ठिगळाखालीं चिरा वाढत राहिल्या, आणि २२ वर्षांनीं, २५ मे २००२ रोजीं, तें विमान तैवानजवळ समुद्रावर विदीर्ण झालें. २२५ जण मृत्यु पावले.

विद्यार्थिमित्रहो, गणितांत चुकलेली पायरी न खोडितां तिच्यावरच पुढचें उत्तर रचण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. चूक झाली, हें फारसें लज्जास्पद नाहीं. उत्तम वैमानिकाच्या हातूनही ती होते. पण ती झांकणें निराळें आणि मुळापासून दुरुस्त करणें निराळें. ज्या कामाची पाहणी कोणीही करणार नाहीं, तेंच नीट करणाऱ्या अज्ञात कारागिराच्या भरंवशावर आपण सारे निर्धास्तपणें प्रवास करीत असतों.